राणीची डबी

पुण्याहून जुन्नरला निघालेली एस.टी. वाकडेवाडी सोडते न सोडते तोच खडकी लागते. लष्कराच्या लांबच लांब भिंती, चुन्याने रंगवलेले दगड आणि जुनी झाडे खिडकीतून मागे पडत जातात. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आजच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, हे ठाणे. पूल बांधायचे, खंदक खणायचे, सुरुंग लावायचे आणि वेळ पडली तर फावडे टाकून बंदूक उचलायची, असे या पलटणीचे काम. जुनी माणसे तिला ‘सफरमैना’ म्हणत. सॅपर्स अँड मायनर्स हे नाव आपल्या जिभेने असे गोड करून घेतले.

पुढे भोसरी, मोशी, चाकणच्या कारखान्यांची गर्दी. खेड ओलांडले, भीमा मागे पडली, की मग खरा मुलूख सुरू होतो. पेठ, अवसरी, मंचर. मंचरला कांदा-बटाट्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक उभे असतात. घोड नदी ओलांडून कळंब, मग मीना नदीकाठचे नारायणगाव, तिथे टोमॅटोचे क्रेट आणि तमाशाच्या फडांच्या राहुट्या. डावीकडे वळले की थोड्याच वेळात शिवनेरीची कातळभिंत समोर उभी राहते आणि पायथ्याला जुन्नर दिसते.

आज हा पट्टा हिरवागार आहे. ऊस आहे, द्राक्षे आहेत, भाजीपाला आहे. पण ही हिरवाई कुकडी प्रकल्पाची. माणिकडोह, येडगाव, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही धरणे होण्यापूर्वी पश्चिमेला डोंगरात भात आणि नाचणी, पूर्वेला बाजरी आणि हुलगा, आणि मध्ये नशीब, असा कारभार होता. घरात तीन भाऊ असले तर एकाने औत धरायचे, एकाने मुंबईची वाट धरायची, आणि तिसरा छातीने रुंद असला तर त्याने पलटणीत जायचे. पहिल्या महायुद्धात साध्या शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. जिराईत शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याला रोख पैसा येणे ही तेव्हा केवढी गोष्ट होती, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

या वेळी मी या दोन तालुक्यांत हिंडलो ते लेणी किंवा किल्ले पाहायला नव्हे. मला पाहायची होती एक पितळी डबी.

या डबीची हकिकत अशी. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. तेव्हा इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज, आणि त्याची मुलगी राजकन्या मेरी सतरा वर्षांची. नाताळच्या सणाला खंदकात बसलेल्या प्रत्येक सैनिकाला आणि समुद्रावरच्या प्रत्येक खलाशाला काहीतरी भेट जावी असे तिच्या मनात आले. आपल्या खासगी पैशातून ती हे करणार होती, पण शिपायांची संख्या पाहता ते शक्य नव्हते. मग ऑक्टोबर १९१४ मध्ये तिच्या नावाने निधी उघडला गेला. लोकांनी वर्गणी दिली, लहानांनी दिली तशी मोठ्यांनीही. त्यातून एक पितळेची डबी करायची आणि तिच्यात खाऊ भरून पाठवायची असे ठरले.

असा प्रकार पूर्वीही एकदा झाला होता. दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध चालू असताना व्हिक्टोरिया राणीने १९०० च्या नव्या वर्षासाठी आपल्या सैनिकांना चॉकलेटचे पत्र्याचे डबे पाठवले होते. पण तो पत्रा होता. १९१४ ची डबी पितळेची, आणि पितळ आपल्याकडे कोणी फेकून देत नाही. म्हणूनच ही गोष्ट आपल्या गावांपर्यंत येऊन टिकली.

डबी साधारण ५ इंच लांब, सव्वातीन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच. तंबाखूची चंची ठेवायला अगदी बेताची. झाकणाला बिजागरी. झाकणाच्या मध्यभागी पानांच्या वेलीच्या गोलात राजकन्येचा एका बाजूने दिसणारा चेहरा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना तिच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर. वरच्या बाजूला लॅटिन भाषेत ‘इम्पेरियम ब्रिटानिकम’, म्हणजे ब्रिटिश साम्राज्य. खाली नाताळ आणि १९१४ हे साल, आणि त्याच्या दोन बाजूंना लाटा कापत येणाऱ्या लढाऊ जहाजांची तोंडे. चार कोपऱ्यांत बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो आणि सर्बिया, आणि दोन कडांना फ्रान्स आणि रशिया.

वाचकांनी ही सहा नावे पुन्हा एकदा मोजावीत. इंग्लंडच्या सगळ्या दोस्तांची नावे झाकणावर आहेत. चिमुकल्या माँटेनेग्रोचेही आहे. हिंदुस्थानचे नाही. हिंदुस्थान ‘इम्पेरियम ब्रिटानिकम’ या दोन शब्दांच्या पोटात धरलेला. त्या युद्धात आपल्या देशातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि त्यांतली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत.

आता आतल्या खाऊविषयी. ही बाब मला फार मनोरंजक वाटते. गोऱ्या शिपायाच्या डबीबरोबर एक औंस तंबाखू, वीस सिगारेटी, चिलमीसारखा पाइप, ठिणगी पाडायचा लायटर, राजकन्येचा फोटो आणि शुभेच्छांचे कार्ड असे. जो विडी-तंबाखू ओढत नाही त्याला आंबटगोड गोळ्या आणि पत्र लिहायचा कागद, पाकिटे व पेन्सिल. रुग्णसेविकांना चॉकलेट. पण हिंदी फौजेला हे जसेच्या तसे देऊन चालणार नव्हते. कोण काय खातो, कोण काय शिवत नाही, याचा विचार लंडनमध्ये बसलेल्या मंडळींना करावा लागला, आणि त्यांनी तो केला. गुरख्यांना गोऱ्यांसारखेच सामान. शिखांना तंबाखू निषिद्ध, म्हणून त्यांना खडीसाखर, मसाल्याची छोटी डबी आणि कार्ड. बाकीच्या हिंदी शिपायांना, म्हणजे त्यांत आपले मराठे आले, सिगारेटींचे पाकीट, खडीसाखर, मसाल्याची डबी आणि कार्ड. पाणी वाहणाऱ्या भिस्त्याला मसाल्याची डबी आणि कार्ड.

फ्रान्समधल्या बर्फाळ चिखलात एखाद्या मावळी गड्याने नाकाशी मसाल्याची डबी धरली असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल? या एका बाबतीत पाठवणाऱ्याने नेमके ओळखले असे म्हणायला हवे. मात्र भिस्त्याच्या वाट्याला खडीसाखरसुद्धा येऊ नये, हे काही पटत नाही. लढणाऱ्याची तहान भागवायला गोळ्यांच्या वर्षावात पखाल घेऊन जाणारा तोच.

नाताळपर्यंत चार लाखांहून अधिक डब्या वाटल्या गेल्या. पुढे ही भेट १९१४ च्या नाताळला सेवेत असलेल्या सगळ्यांनाच द्यायचे ठरले आणि काम वर्षानुवर्षे चालले. पितळ कमी पडू लागले, कारण तेच पितळ तोफगोळ्यांनाही लागत होते. अमेरिकेहून मागवलेल्या पितळी पट्ट्यांचा मोठा साठा ‘लुसिटानिया’ या जहाजावर होता. ते जहाज जर्मन पाणबुडीने ७ मे १९१५ रोजी बुडवले आणि पितळही तळाला गेले. त्यामुळे उशिरा निघालेल्या काही डब्या हलक्या धातूच्या, वरून मुलामा दिलेल्या आहेत. एकूण पंचवीस लाखांवर डब्या वाटल्या गेल्या. १९२० साली निधी बंद झाला, तेव्हा उरलेले पैसे सैनिकांच्या बायकामुलांसाठी काढलेल्या प्रसूतिगृहाला दिले गेले.

जुन्नरहून ओतूरकडे जाताना आतल्या बाजूला एक लहान गाव आहे. तिथल्या एका घरात अशी डबी असल्याचे कानावर आले होते. घर जुने, माळवदाचे, आता अर्ध्यावर पत्रे टाकलेले. ओट्यावर लसणाच्या जुड्या बांधत म्हातारी बसली होती. वय ऐंशीच्या पुढे. मी आजी म्हणून नमस्कार केला, कामाचे सांगितले. त्यांनी सुनेला हाक मारली, “अगं, ती देव्हाऱ्यातली राणीची डबी आन बरं. पाव्हन्यांना बघायचीय.”

सुनेने डबी आणून माझ्या हातावर ठेवली. पितळ सोन्यासारखे लखलखत होते. दर दसऱ्या-दिवाळीला चिंच आणि राख लावून घासून घासून राजकन्येचे नाक पार सपाट झालेले. कोपऱ्यांतली अक्षरे बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. खालचे ‘१९१४’ मात्र स्पष्ट.

“ही कुणाची, आजी?”

“माझ्या आजेसासऱ्याची. ते सफरमैनात व्हते. फरान्साला गेल्ते. मी काय त्यांना पायलं नाय, माझ्या लग्नाआधीच गेले. पर सासूबाई सांगायच्या, ही डबी कुणाला द्यायची नाय.”

“आत काय ठेवता?”

त्यांनी झाकण उघडून दाखवले. तुटलेल्या पोतीचे काळे मणी, भोकाचे एक पैशाचे नाणे, नातवाच्या जावळाची पुडी, आणि कोटाचे एक पितळी बटण. बटणावरचे चिन्हही घासून गेले होते.

“त्यांचं नाव कुठं लिवलेलं हाय का बघा,” आजी म्हणाल्या. “तुमाला इंग्रजी येतंय ना?”

मी डबी उलटीसुलटी करून पाहिली. नाव कुठेच नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, कारण डब्या लाखांनी निघाल्या आणि सगळ्या सारख्या. आजींना तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. सुनेने चहा आणला, मग बोलणे लसणाच्या भावावर गेले.

सफरमैनातला माणूस फ्रान्सला गेला होता, हे मात्र इतिहासाशी जुळते. खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या. ही डिव्हिजन २६ सप्टेंबर १९१४ च्या सुमारास मार्सेय बंदरात उतरू लागली. अंगात उन्हाळी कपडे आणि समोर युरोपचा हिवाळा. महिनाभरात, २८ ऑक्टोबरला, या दोन कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर न्यव शापेल या गावावर चाल करून जायचा हुकूम झाला. खंदक खणणारी ही माणसे त्या दिवशी पायदळ म्हणून लढली. गल्लीगल्लीत, घराघरात हातघाईची लढाई झाली. गाव घेतले, पण मदत न आल्याने सोडावे लागले. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले आणि जवानांचीही मोठी हानी झाली. डिसेंबरात गिवान्शी आणि फेस्टुबेरच्या चिखलात पुन्हा झुंज. नाताळची डबी हातात पडली ती या सगळ्यातून वाचलेल्यांच्या.

त्या न्यव शापेलला आज हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे अनावरण झाले. थडगे किंवा चितेची जागा माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावे त्या भिंतीवर कोरलेली आहेत. साधा शिपाईसुद्धा नावानिशी आहे.

आपल्याकडची बहुतेक माणसे मात्र फ्रान्सला गेली नाहीत. ती गेली ‘बसऱ्याला’. गावातल्या जुन्या माणसांना विचारा, ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते’ असे सांगणारी दहा घरे निघतील. हा बसरा म्हणजे आजच्या इराकमधले बंदर, त्या काळचे मेसोपोटेमिया. १९१४ च्या नोव्हेंबरात तिथे उतरलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावानेच ओळखली जाई, आणि १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिच्यात होत्या. नोव्हेंबरात बसरा घेतले, ९ डिसेंबरला कुर्ना घेतले. पहिला नाताळ त्यांनी खजुराच्या बागांत आणि दलदलीत काढला. राजकन्येची डबी त्यांच्याकडे मागाहून, नव्या वर्षात पोचली.

पुढे काय झाले ते सांगताना हात जड होतो. जनरल टाउनशेंडने ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने पुढे पुढे नेली, तुर्कांनी ती मागे रेटली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत या गावात तिला वेढा पडला. तिन्ही मराठा पलटणी आत. खडकीचे सॅपर्सही आत. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. दाणा संपत आला तेव्हा घोडी आणि खेचरे कापू लागले. आपल्या माणसांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून ‘संकटात चालेल’ असे निरोप मागवले, तरी कित्येकांनी अगदी शेवटी शेवटीच त्याला हात लावला. तोपर्यंत भाजीपाल्यावाचून दात हलू लागले होते, हिरड्यांतून रक्त येत होते. धान्य होते ते दळायला जाती पुरेनात म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या खाली टाकल्या. विमानातून वेढ्यातल्या फौजेला रसद टाकण्याचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न, आणि त्यात जाते! आपल्या आयाबायांना हे वाचून हसावे की रडावे कळणार नाही.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडले. सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. शिपायांना उन्हातून पायी हाकत उत्तरेला नेले आणि अनेकांना रेल्वेच्या रुळांच्या कामाला जुंपले. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. वेढ्यात कोणाच्या पिशवीत राजकन्येची रिकामी डबी असेलही.

इकडे गावातही काही सुख नव्हते. १९१८ मध्ये पाऊस दडी मारून बसला, दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ मुंबईहून घाटावर चढली. लढाईवरून जिवंत परतलेल्या गड्याला घरी कोण जिवंत भेटेल याचा भरवसा नव्हता. महार समाजाच्या तरुणांची आणखी वेगळी कथा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांची भरती बंद केली होती. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

युद्ध संपल्यावर ज्या गावांनी माणसे दिली त्या गावांत सरकारने दगडी पाट्या बसवल्या. पुणे, सातारा या जिल्ह्यांत हिंडताना चावडीच्या भिंतीत, वेशीत, शाळेच्या ओट्यावर अशी पाटी दिसते. मजकूर ठरावीक. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक माणसे गेली, त्यांपैकी अमुक कामी आली. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागते. पाट्या चांगल्या आहेत, पण त्यांच्यावर आकडा आहे, नाव नाही. मधल्या काळात कुठे त्यांच्यावर चुना फासला गेला, कुठे चावडी पाडताना पाटी पायरीला गेली. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर ग्रामपंचायतीने तिची थोडी काळजी घ्यावी. खर्च एका झाडूचा आणि बादलीभर पाण्याचा.

बसऱ्याच्या नावाचे मोठे स्मारक आहे. ते १९२९ साली उघडले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या अखेरच्या जागेचा पत्ता नाही अशा ४० हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. त्यांतली बहुसंख्य हिंदी. पण तिथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचे कोरले, आणि हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या घातली. सुभेदाराचे नाव, जमादाराचे नाव, आणि खाली ‘व इतर इतके’. न्यव शापेलला जे जमले ते बसऱ्याला का जमू नये? एकाच पलटणीतला, एकाच ११ रुपयांचा शिपाई. फ्रान्समध्ये मेला तर त्याला नाव, बसऱ्याला मेला तर तो आकडा. युरोपात येणारे-जाणारे पाहतील, वाळवंटात कोण पाहणार, असा हिशेब असावा असे मला वाटते. ही स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच चौकशी करून अहवाल काढला. आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्यात आहे. आयोगाने त्याबद्दल माफीही मागितली.

आणि जिथून ही एस.टी. सुटते त्या खडकीतली गंमत पाहा. खडकीच्या युद्धसमाधी उद्यानात, पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर आहेत. त्यांची मूळ थडगी ठिकठिकाणच्या छावण्यांत होती, ती सांभाळणे कठीण झाले म्हणून नावे इथे आणून नीट कोरली. परदेशातून आपल्याकडे येऊन मेलेल्याचे नाव आपल्या मातीत जपले गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. आपल्या मातीतून तिकडे गेलेल्याचे काय, एवढेच विचारायचे.

नाव सापडवायची वाट मात्र आता उघडी आहे. बसऱ्याच्या भिंतीवर नसली तरी हिंदी शिपायांची नावे आयोगाच्या मृत्यूनोंदवहीत आहेत, आणि ती वही संगणकावर किंवा मोबाइलवर कोणालाही फुकट पाहता येते. बऱ्याच नोंदींत शिपायाचा नंबर, पलटण, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवा आणि शोधा. यात लढाईत किंवा सेवेत मेलेल्यांचीच नावे आहेत, सुखरूप परतलेल्यांची नाहीत, हे ध्यानात ठेवा. परतलेल्यांसाठी घरातले कागद पाहावेत. ट्रंकेत जुने डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनीचा कागद असेल, किंवा पदक असेल तर त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव ठोकलेले असते. डबीवर नाव नसते, पदकाच्या कडेवर असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि पदक मोडीत जाते.

डबीविषयीही दोन शब्द. हल्ली तिच्या हुबेहूब नकला मिळतात, आणि खऱ्या डब्या शोधत फिरणारे व्यापारीही गावात येतात. द्यायची की ठेवायची हा ज्याचा त्याचा प्रश्न, अडचण कोणाला सांगून येत नाही. पण वजनाच्या भावाने देऊ नये, आणि देण्याआधी नातेवाइकांना विचारावे. ठेवायची असेल तर चिंच आणि राख लावून घासणे बंद करावे. दर सणाला एक थर जातो आणि आधी अक्षरे जातात. कोरड्या मऊ फडक्याने पुसली तरी पुरे. पितळ काळवंडले तर काळवंडू द्यावे.

परतीच्या वाटेवर मी घोडेगावला उतरलो आणि तिथून डिंभ्याला गेलो. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगाव या धरणाच्या पाण्यात गेले. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. वय बावीस. त्याचे नाव पोराबाळांच्या तोंडी आहे, आणि ते असायलाच हवे. त्याच डोंगरांतून त्याच्या आधी पंधरा वर्षे तशाच वयाची पोरे परक्या राजासाठी लढायला गेली होती. त्यांची गोष्ट सांगायला अवघड जाते. कोणाच्या बाजूने सांगायची हेच कळत नाही, म्हणून कोणी सांगतच नाही. पण पोटासाठी गेलेल्या पोराला नाव असू नये, असे कुठे आहे?

धरणाच्या काठावर एक निवृत्त सुभेदार भेटले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. त्यांना डबीची हकिकत सांगितली. ते हसून म्हणाले, “आम्हाला सरहद्दीवर दिवाळीला पुण्याहून फराळाचे डबे यायचे. चकली मोडलेली असायची, लाडवाचा भुगा झालेला असायचा. पण आत एखाद्या शाळकरी पोरीची चिठ्ठी असायची, खाली नाव-गाव लिहिलेलं. चकली आम्ही वाटून खायचो, चिठ्ठी ज्याची त्याच्याकडं राहायची.”

त्यांनीच एक कामाची गोष्ट सांगितली, ती इथे देऊन ठेवतो. आंबेगावकरांनी नोंदवहीत नाव शोधताना केवळ ‘आंबेगाव’ तालुका घालून थांबू नये. त्या काळी आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेटा होता. त्यामुळे घोडेगाव-मंचरकडच्या शिपायांच्या नावापुढे तालुका म्हणून ‘खेड’ आणि जिल्हा ‘पूना’ असे सापडण्याचा संभव जास्त. गावाची आणि माणसाची इंग्रजी स्पेलिंगे गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, म्हणून दोन-चार तऱ्हांनी लिहून पाहावे. शिंदेचे ‘सिंदे’, गणूचे ‘गुनू’ झालेले असू शकते. वडिलांचे नाव आणि गाव दोन्ही जुळले तर नोंद वहीत उतरवून घ्यावी, नंबरासकट.